हिवतापाचा उतरता आलेख आणि लखनौचा चौक

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या वर्षी या शाळेचा पहिला वर्ग भरला, त्या १९६५ साली भारताच्या सरकारी नोंदीत हिवतापाने झालेल्या मृत्यूंच्या रकान्यात शून्य हा आकडा लिहिला गेला. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा, म्हणजे अवघ्या अठरा वर्षांपूर्वी, याच देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यांपैकी आठ लाख दगावत, असा अंदाज होता. साडेसात कोटींवरून रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली, मृत्यू शून्यावर आले. त्या काळच्या प्रशासनाला आणि वैद्यांना हा रोग आता इतिहासजमा झाला असे वाटले असल्यास नवल नाही. पण १९६५ साली पहिलीत बसलेली मुले शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडतात न पडतात तोच, १९७६ साली, देशातील हिवतापाच्या रुग्णांची नोंद ६४ लाखांवर गेली. शाळेच्या साठ वर्षांचा आणि हिवतापाच्या या चढउताराचा काळ एकच आहे. म्हणूनच हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावर हा विषय अप्रस्तुत ठरू नये.

आज पुन्हा आलेख खाली आलेला आहे. २००० साली देशात वीस लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. २०१५ मध्ये ते पावणेबारा लाखांच्या घरात होते आणि २०२१ मध्ये एक लाख साठ हजारांच्या आसपास. २०२७ पर्यंत देशात हिवतापाचा स्थानिक प्रसार थांबवायचा आणि २०३० पर्यंत हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवायचे, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. प्रश्न असा, की या वेळचा उतार १९६५ च्या उतारापेक्षा वेगळा आहे काय?

आकड्यांच्या गर्दीत या प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही. त्यासाठी एखादी जागा डोळ्यांसमोर असावी लागते. अशी एक जागा लखनौत आहे. मराठी माणसाला लखनौ माहीत असते ते बहुधा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांतून तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्या कैसरबागेपासून पश्चिमेला जुन्या शहराकडे गेले की चौक लागतो. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधली ही जुनी बाजारपेठ. अत्तराची दुकाने, चिकनकामाचे कापड, एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या हवेल्या आणि दोन माणसे शेजारून गेली तर खांदे घासतील अशा गल्ल्या. या चौकातच किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९०५ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि १९११ मध्ये अध्यापन सुरू झाले. गोमतीच्या काठाने थोडे पूर्वेला गेले की नवाबांचा छत्तर मंझिल हा राजवाडा लागतो. १९५१ साली त्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि सहा दशके तेथेच होती. रुग्णालय, औषधाची प्रयोगशाळा आणि डासांना राहण्यासारखी जुनी वस्ती, अशा तिन्ही गोष्टी एवढ्या जवळ क्वचितच आढळतात.

या महाविद्यालयाच्या भिंती चढत होत्या त्याच काळात, १९०८ च्या शरद ऋतूत, पंजाब आणि संयुक्त प्रांत हिवतापाच्या भयंकर साथीने होरपळले. पुढच्याच वर्षी सिमल्याला सरकारने हिवतापावर विचार करण्यासाठी परिषद बोलावली. रोग डासांमुळे पसरतो हे तोवर ठाऊक झाले होते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भित्तीवर हिवतापाच्या परजीवाची वाढ पाहिली होती. परंतु ठाऊक असणे आणि उपाय हाती असणे यांत अंतर असते. सरकारच्या हाती होती ती क्विनाईनची पुडी, आणि ती पोस्टाच्या कार्यालयांतून एका पैशाला विकली जात असे.

रोगाची ओळख मात्र फार जुनी. चरकसंहितेत विषमज्वराचे तृतीयक, चतुर्थक असे प्रकार सांगितले आहेत. ताप कितव्या दिवशी परततो त्यावरून ही नावे पडली. (आज मराठीत विषमज्वर हा शब्द टायफॉइडसाठी रूढ झाला आहे, त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो.) अवधच्या बोलीत हाच ताप जूडी किंवा तिजारी, आणि मराठीत थंडी वाजून येतो म्हणून हिवताप. युरोपीय भाषांतल्या मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ दूषित हवा असा आहे. निदान या एका बाबतीत देशी नावे अधिक प्रामाणिक म्हणावी लागतील. त्यांनी कारणाचा दावा केला नाही, जे दिसले तेवढे सांगितले.

स्वातंत्र्यानंतरच्या यशाचे श्रेय डीडीटीला दिले जाते आणि ते बव्हंशी खरे आहे. त्यातला मुंबई प्रांताचा वाटा मात्र मराठी वाचकांनाही फारसा ठाऊक नसतो. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली धारवाड आणि उत्तर कानडा या तेव्हाच्या मुंबई प्रांतातील जिल्ह्यांत घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे काम १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. त्या अनुभवाचा आधार घेऊन १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आखण्यात आला. पाच वर्षांत रोग एवढा घटला, की १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला नियंत्रण हा शब्द काढून निर्मूलन हा शब्द घालण्यात आला. फवारणीची युक्ती साधी होती. रक्त पिऊन जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर विसावते. भिंतच विषारी केली की ती परजीव दुसऱ्यापर्यंत पोचवण्याआधीच मरते.

ही युक्ती खेड्यातल्या डासाला लागू पडली. शहराचा डास निराळा निघाला. अॅनॉफिलीस स्टीफेन्सी ही जात स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढते. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, कारंजे यांतले कोणतेही पाणी तिला चालते. मुंबईत १९११ च्या सुमारास डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहराच्या हिवतापाचे मूळ घराघरांतल्या विहिरींत असल्याचे दाखवून दिले. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात असे ठरले तेव्हा मोठे वाद झाले, कारण पारशी बांधवांसाठी आणि इतरांसाठीही विहीर हे श्रद्धेचे स्थान होते. तरीही मुंबईने विहिरींवर झाकणे बसवली. या सगळ्या अनुभवानंतरही १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमाने शहरे मुख्यत्वे वाऱ्यावर सोडली. खेड्यात सरकारने फवारणी करायची आणि शहरात नगरपालिकेने डासांच्या अळ्या माराव्यात, अशी वाटणी झाली. नगरपालिकांकडे ना पैसा होता, ना माणसे. खेड्यांतला रोग उतरत असताना शहरांतल्या टाक्यांमध्ये तो टिकून राहिला, आणि संधी मिळताच पुन्हा बाहेर पडला. शहरांसाठी स्वतंत्र योजना आली ती १९७१ मध्ये. तोवर उशीर झाला होता.

१९७६ च्या उलटफेराला दुसरीही कारणे होती. डासांना डीडीटीची सवय झाली. औषधांचा आणि कीटकनाशकांचा पुरवठा वेळेवर होईना. १९७३ मध्ये आसामात क्लोरोक्वीनला दाद न देणारा परजीव आढळला. पण त्याहून मोठे कारण मनोवृत्तीचे होते. ज्या जिल्ह्यांत रुग्ण संपत आले, तेथील काम खास पथकांकडून काढून सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपवण्यात आले, आणि ती सेवा त्या वेळी कित्येक ठिकाणी कागदावरच होती. श्रीलंकेचा दाखला याहून बोलका आहे. तेथे १९६३ मध्ये वर्षभरात केवळ सतरा रुग्ण सापडले. दक्षता सैल झाली, आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. त्याच श्रीलंकेने पुढे हिवतापाचा अक्षरशः एकेक रुग्ण मोजून २०१६ मध्ये मुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. सतरापासून शून्यापर्यंत पोचायला तिला सुमारे अर्धशतकाचा काळ लागला.

आता आजच्या भारताकडे वळू. २०१५ नंतरची घट मुख्यतः ओडिशाने घडवली. तेथे २०१६ मध्ये सुमारे चार लाख पंचेचाळीस हजार रुग्ण होते. कीटकनाशकाचा लेप असलेल्या टिकाऊ मच्छरदाण्या घरोघरी वाटल्या गेल्या, दुर्गम पाड्यांत शिबिरे घेऊन ताप नसलेल्यांचेही रक्त तपासले गेले, आणि २०१८ मध्ये ही संख्या सहासष्ट हजारांच्या आसपास आली. आपल्या गडचिरोलीचा प्रश्नही याच जातीचा आहे. तेथे जंगल, डोंगरी ओढे, लांबचे दवाखाने आणि फाल्सिपेरम हा जीवघेणा परजीव एकत्र येतात, आणि आशा कार्यकर्तीच्या पिशवीतली तपासणीची पट्टी आणि गोळ्या यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. देशात सापडणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक फाल्सिपेरमचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये भारताचा समावेश हिवतापाचा सर्वाधिक भार असलेल्या अकरा देशांत केला होता. २०२४ मध्ये भारत त्या यादीतून बाहेर पडला. हे यश खरे आहे आणि त्याचे कौतुक हातचे राखून करू नये.

मात्र त्याच आलेखाचे शेवटचे टोक वर वळले आहे. २०२१ मध्ये एक लाख साठ हजार, २०२२ मध्ये एक लाख शहात्तर हजार, २०२३ मध्ये दोन लाख सत्तावीस हजार, आणि २०२४ मध्ये अडीच लाखांच्या आसपास. तपासण्या वाढल्यामुळे रुग्ण अधिक सापडतात, हा खुलासा काही अंशी पटण्याजोगा आहे. करोनाच्या काळात पुष्कळसे रुग्ण नोंदलेच गेले नसणार. पण सलग तीन वर्षे चढणाऱ्या रेषेला केवळ तपासणीचा गुण म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. शिवाय नोंदलेले रुग्ण आणि प्रत्यक्षातले रुग्ण यांत मोठी दरी आहे. २०२३ साठी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सुमारे वीस लाख रुग्ण आणि साडेतीन हजार मृत्यू असावेत असा अंदाज केला. सरकारी नोंदीत त्या वर्षीचे मृत्यू आहेत ८३. २०१० मध्ये घरोघरी जाऊन मृत्यूंची चौकशी करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाने वर्षाला दोन लाख मृत्यूंचा आकडा मांडला, तेव्हा तो खुद्द जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य झाला नव्हता. कोणता आकडा बरोबर हा वाद तज्ज्ञांचा आहे. सामान्य वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की नोंदवहीतला रुग्ण हा सरकारी यंत्रणेपर्यंत पोचलेला रुग्ण असतो.

चौकातल्या गल्लीत ताप आलेला माणूस कोठे जातो, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले तरी रांगेच्या भीतीने तो आधी गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात जातो. आता ताप म्हटला की पहिली शंका डेंग्यूची येते आणि प्रयोगशाळेत त्याचीच चाचणी होते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली परजीव शोधण्याचे काम कंटाळवाणे. ते डोळे तयार व्हायला वर्षे लागतात आणि सवय सुटली की लवकर विसरतात. रुग्ण दुर्मीळ होत जातात तशी ही नजरही दुर्मीळ होते. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातच बरेली आणि बदायूं जिल्ह्यांत हिवतापाचा मोठा उद्रेक झाला. फाल्सिपेरमचा प्रादुर्भाव बेताचाच असल्याचे मानल्या जाणाऱ्या त्या टापूत तोच परजीव मोठ्या प्रमाणावर आढळला.

लखनौसारख्या उत्तरेकडच्या शहरात मुख्य परजीव आहे तो व्हायव्हॅक्स. तो सहसा जीव घेत नाही, म्हणून त्याची गणना सौम्य रोगात होते. निर्मूलनाच्या दृष्टीने मात्र तोच अधिक चिवट. त्याची खुबी हिवाळ्यात कळते. डिसेंबर-जानेवारीत लखनौत कडाक्याची थंडी पडते, आणि तापमान सोळा अंशांच्या खाली गेले की डासाच्या शरीरात परजीवाची वाढ जवळजवळ थांबते. डास कमी होतात, रुग्ण नाहीसे होतात. परजीव मात्र माणसाच्या यकृतात निद्रिस्त अवस्थेत पडून असतो. त्या अवस्थेत रक्ततपासणीत तो दिसत नाही आणि माणसाला काही जाणवतही नाही. उत्तर भारतातल्या व्हायव्हॅक्सच्या काही जाती तर सहा ते आठ महिने अशा झोपून राहतात. मग उन्हाळा येतो, खिडक्याखिडक्यांत कूलर भरले जातात, गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे निघालेली असतात, डास पुन्हा जन्मतात, आणि त्याच सुमारास यकृतातला परजीव जागा होऊन रक्तात उतरतो. रोगाला हिवाळा ओलांडून नेणारी नाव म्हणजे बरा झालेला माणूसच.

या निद्रिस्त परजीवावर प्रिमाक्विन नावाची गोळी चालते. ती सलग चौदा दिवस घ्यावी लागते. ताप क्लोरोक्वीनने तीन दिवसांत उतरतो. उरलेले अकरा दिवस रुग्ण ठणठणीत असतो, कामावर जातो, आणि गोळीची पुडी खिशातच राहते. काही लोकांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते. त्यांना हे औषध अपाय करू शकते, म्हणून त्याची चाचणी करून घेणे इष्ट. पण बहुतेकांच्या बाबतीत अडचण औषधाची नसून अर्धवट सोडलेल्या उपचाराची असते. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा: शंभर रुग्णांपैकी समजा चाळीस जणांनी औषध मध्येच सोडले आणि त्यांतल्या दहांना पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ताप आला, तर त्या गल्लीसाठी ते दहा जण नव्या हंगामाचे बियाणे ठरतात. नोंदवहीत मात्र शंभरही जण बरे झालेले असतात.

औषधांच्या बाबतीत लखनौने देशाला काही दिले आहे, तेही येथे सांगितले पाहिजे. चीनच्या तू यूयू यांनी आर्टेमिसिया या वनस्पतीतून हिवतापावरचे द्रव्य वेगळे केले, त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही वनस्पती भारतात लागवडीला आणण्याचे काम लखनौच्याच औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने केले, आणि तिच्यातल्या द्रव्यापासून आर्टिथर हे इंजेक्शन छत्तर मंझिलमधल्या औषध संशोधन संस्थेने घडवले. तेलात मिसळलेले हे औषध रोज एक असे तीन दिवस स्नायूत टोचतात. गोळी गिळू न शकणाऱ्या, शुद्ध हरपलेल्या फाल्सिपेरमच्या रुग्णासाठी १९९० च्या दशकात ते मोठा आधार ठरले. मुंबईच्या थेमिस कंपनीने ते बाजारात आणले. पुढे हा सन्मान पुण्याकडेही आला: ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या हिवतापाच्या लसीचे उत्पादन सिरम इन्स्टिट्यूट करते. ती लस फाल्सिपेरमविरुद्ध आणि प्रामुख्याने आफ्रिकेतल्या बालकांसाठी आहे. चौकातल्या व्हायव्हॅक्सवर तिचा उपयोग नाही.

आफ्रिकेचा उल्लेख निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. जगातल्या हिवतापाच्या दर शंभर रुग्णांपैकी चौऱ्याण्णव आफ्रिकेत असतात. तेथला हिवताप आजवर प्रामुख्याने खेड्यांचा होता. २०१२ मध्ये जिबूतीत भारतीय उपखंडातला शहरी डास, म्हणजे तोच स्टीफेन्सी, प्रथम आढळला. २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात त्याने मोठा उद्रेक घडवला. मुंबईच्या विहिरींत आणि लखनौच्या टाक्यांत ज्याला आपण शंभर वर्षे सांभाळले, तो आता दुसऱ्या खंडाची शहरे पादाक्रांत करीत आहे. त्याला रोखण्याची विद्या मुंबईने केव्हाच सिद्ध केली आहे. टाकीला घट्ट झाकण, त्याला जाळी, आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस. अळीचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांनी कूलर रिकामा करून, घासून, कोरडा केला की पिढी तुटते. नुसते पाणी ओतून पुन्हा भरले तर भागत नाही.

राहिला पुढील काळाचा प्रश्न. २०२७ पर्यंत स्थानिक प्रसार शून्यावर येईल काय? जंगल आणि सीमाभागातले जिल्हे पाहता ती मुदत कठीण दिसते. उत्तर प्रदेशासारख्या, रुग्ण तुलनेने थोडे उरलेल्या राज्यांतल्या शहरांत मात्र ते अशक्य नाही, आणि तेथे यशापयश ठरेल ते एकेका रुग्णाच्या पाठपुराव्यावर. २०२१ मध्ये हिवतापमुक्त ठरलेल्या चीनने एक-तीन-सात असा नियम पाळला. रुग्णाची नोंद एका दिवसात, त्याला संसर्ग कोठे झाला याचा तपास तीन दिवसांत, आणि आसपासच्या घरांत उपाययोजना सात दिवसांत. लखनौत दस्तक अभियानाच्या काळात आशा कार्यकर्त्या दारोदार जाऊन तापाच्या रुग्णांची नावे लिहून घेतात. यंत्रणा आहे, माणसेही आहेत. अभियानाचा महिना संपल्यावर नोव्हेंबरात अकबरी दरवाजाजवळच्या एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत जो एकच काचपट्टीचा नमुना व्हायव्हॅक्सचा निघेल, त्याची चिठ्ठी किती तासांत सरकारी कार्यालयात पोचते, आणि चौदाव्या दिवशी त्या रुग्णाच्या घरी जाऊन रिकामे पाकीट कोण पाहते, यावर पुढच्या उन्हाळ्यात त्या गल्लीत पुन्हा ताप येणार की नाही हे अवलंबून आहे.